बोटांना जागा, टाचेला आधार: धावण्याचे बूट निवडताना

धावायचे बूट घ्यायला आलेले बरेच जण बूट चढवतात, लेस करकचून बांधतात आणि उभं राहून म्हणतात, "हां, मस्त घट्ट बसलाय, आता आधार मिळेल." तिथेच आम्ही त्यांना थांबवतो. घट्ट बसणं वेगळं आणि आधार मिळणं वेगळं. धावताना आधार लागतो टाचेला आणि पावलाच्या मधल्या भागाला. बोटांना लागते ती मोकळी जागा. एकाच बुटात या दोन्ही गोष्टी कशा बघायच्या, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

बोटांना जागा कशाला?

एका पावलात २६ हाडं असतात आणि त्यातली १४ नुसत्या बोटांमध्ये. पाऊल टेकून भार चवड्यावर आला की बोटं थोडी फाकतात, आणि शेवटी अंगठा जमीन मागे रेटतो तेव्हा शरीर पुढे जातं. बुटाचं टोक निमुळतं असेल तर बोटांना फाकायला वावच मिळत नाही. अंगठा एका बाजूने आत ढकलला जातो, करंगळी दुसऱ्या बाजूने. मग फोड, भोवऱ्या, काळी पडलेली नखं. कुणाला तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली नस चेपून जळजळ होते, मुंग्या येतात. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं असेल, तर अरुंद बूट ते दुखणं हमखास वाढवतो.

शिवाय पाऊल दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. संध्याकाळपर्यंत ते थोडं सुजतं, लांब अंतर धावल्यावर आणखी. म्हणून बूट संध्याकाळी घालून बघा, आणि धावताना जे मोजे घालता तेच घालून बघा.

नंबर वाढवून भागत नाही

एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. अर्धमॅरेथॉनची तयारी चालू होती आणि अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख पुन्हा पुन्हा काळं पडत होतं. उपाय म्हणून त्यांनी आधीच एक नंबर मोठा बूट घेतला होता. आम्ही त्या बुटातली सुकतळी, म्हणजे आतला सुटा इनसोल, बाहेर काढली. वापरून वापरून तिच्यावर बोटांचे काळपट ठसे उमटले होते. चारच. करंगळीचा ठसा नव्हता, कारण करंगळी सुकतळीवर टेकतच नव्हती. ती बुटाच्या कापडाला बाहेरून फुगवटा आणून बसली होती. पुढे दीड बोट जागा रिकामी, टाच सैल, त्यामुळे दर पावलाला पाय पुढे सरकायचा आणि निमुळत्या टोकात पाचरीसारखा अडकायचा. त्यांना हवा होता मूळ नंबरातलाच, पण रुंद बूट.

ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते, रुंदी मात्र किरकोळ. रुंदीसाठी वेगळी अक्षरं असतात. पुरुषांच्या बुटांत डी म्हणजे साधारण, टू-ई रुंद, फोर-ई जास्त रुंद. बायकांच्या बुटांत बी साधारण आणि डी रुंद. म्हणजे तेच डी अक्षर दोन्हीकडे वेगळा अर्थ सांगतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि हे अक्षर चवड्याच्या रुंदीचं आहे, टोकाच्या आकाराचं नाही. एकाच अक्षराचा एक बूट पुढे चोचीसारखा असू शकतो, दुसरा पावलासारखा पसरट. न्यू बॅलन्स आणि ब्रूक्स या कंपन्यांची बरीच मॉडेलं वेगवेगळ्या रुंदीत मिळतात. आल्ट्रा आणि टोपो या कंपन्या टोकच पसरट ठेवतात.

घरी एवढं करा: संध्याकाळी कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी पेन उभं धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. खाली बसून काढलेली रेघ कामाची नाही, भार नसलेलं पाऊल आखडतं. तो कागद बुटाच्या सुकतळीशेजारी ठेवला की बरंचसं कळतं. दोन्ही पावलं क्वचितच एकसारखी असतात. माप मोठ्याचं घ्यायचं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. पुष्कळांचं लांब बोट अंगठा नसून शेजारचं असतं, तेव्हा बघूनच ठरवा.

"वापरून सैल होतील" या भरवशावर बूट घेऊ नका. पहिल्याच दिवशी चावणारा बूट आम्ही तरी कुणाला सुचवत नाही.

आधार हाताने तपासता येतो

बुटाची मागची वाटी दोन बोटांनी दाबा, ती सहज चेपली जायला नको. मग टाच आणि टोक धरून बूट वाकवा. चवडा येतो तिथे वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवा. शेवटी ओला कपडा पिळतो तसा पिळून बघा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. हाताला गादीसारखा मऊ लागणारा बूट धावताना आधार देईलच असं नाही.

तळवा सपाट असेल तर अमुक बूट, कमान उंच असेल तर तमुक, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन दलातल्या नव्या भरतीवर याचे अभ्यास झाले, २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्धही झाले. तळव्याच्या आकारावरून बूट दिल्याने दुखापती फारशा कमी झाल्या नाहीत. म्हणून आम्ही नुसत्या ओल्या पावलाच्या ठशावरून बूट ठरवत नाही. घालून थोडं धावा, जिना उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आपटली किंवा टाच वर उचलली गेली, तर तो बूट तुमचा नाही.

टाच जराशीच उचलली जात असेल तर लेसवर भागतं. सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस त्याच बाजूला आत घालून लहान फास ठेवा, समोरच्या लेसचं टोक त्यातून ओढा आणि मग गाठ मारा. खालची, चवड्यावरची भोकं मात्र ढिलीच राहू द्या.

पसरट टोकाच्या काही बुटांत, विशेषतः आल्ट्राच्या बहुतेक बुटांत, टाच आणि चवडा एका पातळीवर असतात. नेहमीच्या बुटांत टाच बहुधा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. हा फरक एकदम गेला की पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. असे बूट आधी चालायला वापरा, मग थोडं थोडं अंतर वाढवत काही आठवडे द्या.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, किंवा दुखणं बूट काढल्यावरही राहत असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा, बूट नंतर घेऊ.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावणं झालं की मिडसोलचा, म्हणजे तळातल्या मधल्या थराचा, फोम दबतो, वरून बूट नवा दिसत असला तरी. नवे घ्यायला याल तेव्हा जुने बूट सोबत आणा, आणि कृपया धुऊन आणू नका. तळ कुठे झिजलाय आणि सुकतळीवर बोटं कुठे उमटलीत, ते आम्हाला बघायचं असतं.