आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं?

'आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद', हे नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी भागात आजही ऐकू येतं. हे खरं नाही, आणि यापायी हुशार पोरं उगाच खचतात. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो.

अप्रेंटिसशिपबद्दलचा, म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीबद्दलचा, गैरसमज नेमका उलटा: 'कंपनीत वर्ष काढलं की नोकरी पक्की.' १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन द्यावंच लागतं. करारात तशी अट नसेल, तर नोकरी देण्याचं बंधन मात्र मालकावर नाही. म्हणून वर्ष वाया गेलं असं नव्हे. शेवटच्या परीक्षेनंतर मिळणारं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र आयटीआयच्या प्रमाणपत्राहून वेगळं असतं आणि रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वांत खालच्या स्तरावरच्या पदांच्या) भरतीत, रेल्वेच्याच आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी करून हे प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. परीक्षा न देता मधूनच सोडणाऱ्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही.