स्क्रीनवरचं बीपी आणि हातातलं बीपी

नर्सिंग कॉलेजात हल्ली ‘सिम्युलेशन’ हा एकच शब्द दोन गोष्टींना लावतात. संगणकावरच्या आभासी रुग्णाचं बीपी मोजणं हेही सिम्युलेशन, आणि स्किल लॅबमध्ये मॅडमनी करून दाखवल्यावर पुतळ्याच्या दंडाला कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, बांधणं हेही सिम्युलेशनच. त्यामुळे एक झालं की दुसरंही आलं, असं धरून चालतात. मी मुलींना बीपी शिकवते. मला हे पटत नाही.

संगणक कान तयार करतो. कफमधली हवा सोडताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे, रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये वर्णन केलेले आवाज हेडफोन लावून हवे तितक्या वेळा ऐकता येतात: पहिला ‘टक’ म्हणजे सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा), आवाज थांबला की डायस्टोलिक (खालचा आकडा). त्यातही ऑस्कल्टेटरी गॅप, म्हणजे आवाजातला मधला खंड, समजायला संगणकच हवा. उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांमध्ये आवाज मध्येच नाहीसा होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. कफ कमी फुगवला, तर तो दुसऱ्यांदा आलेला आवाजच पहिला वाटतो आणि सिस्टोलिक बरंच कमी लिहिलं जातं. लॅबमध्ये मुली एकमेकींचं बीपी घेतात. सगळ्या विशीतल्या, धडधाकट. त्यांच्यात हा गॅप ऐकायला कुठून मिळणार?

पण हात मात्र लॅबमध्येच तयार होतो. स्क्रीनवर क्लिक केलं की कफ नीट बसतो. वॉर्डात आजींची बाही वर सरकत नाही, नाडी बोटाला लागत नाही. मनगटाची नाडी जिथे बंद पडते, त्याच्या ३० मिमी (पाऱ्याचे) वर फुगवायचं आणि सेकंदाला २ ते ३ मिमी या गतीने हवा सोडायची, हे मुलींना तोंडपाठ असतं. संगणकावरच्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळवलेल्या एका मुलीने लॅबमध्ये हवा भरायच्या रबरी बल्बचा स्क्रू फिरवला आणि फुस्स! काटा १८० वरून थेट शून्यावर. ती रडवेली झाली. तिची काय चूक? स्क्रू केसभरच सैल करायचा असतो, हे तिच्या अंगठ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून आम्ही पुन्हा पुन्हा केलं, तेव्हा कुठे काटा संथ उतरायला लागला.

म्हणून माझ्याकडे आदल्या दिवशी संगणक, दुसऱ्या दिवशी लॅब. स्क्रीनवरच्या गुणांवर प्रोसिजर बुकात, म्हणजे जमलेल्या कामांच्या नोंदवहीत, सही मिळत नाही. मुलीला आणि मला एकदम ऐकता येईल असा शिकवण्याचा स्टेथोस्कोप असतो. त्याची एक जोडी तिच्या कानात, एक माझ्या. दोघींनी आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहायचे. ते जुळले, की सही.