अँटिमनी

आवर्त सारणीच्या १५व्या गटातील मूलद्रव्य. अणुक्रमांक ५१, अणुभार १२१.७६. एसबी हे त्याचे चिन्ह स्टिबियम या लॅटिन नावावरून आले. अँटिमनी दिसते चांदीसारखे लखलखीत, पण हातोडीचा घाव बसताच त्याचा चुरा होतो. त्याची ना तार ओढता येते, ना पत्रा ठोकता येतो. वीज आणि उष्णताही ते बेतानेच वाहून नेते. म्हणून त्याची गणना उपधातूंत होते. ते सुमारे ६३१° से. तापमानाला वितळते व त्याची घनता पाण्याच्या ६.७ पट असते. साध्या हवेत त्याची चकाकी टिकते. खूप तापवले तर मात्र ते जळते आणि ट्रायऑक्साइडचा दाट पांढरा धूर निघतो. एकट्याने त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. दुसऱ्या पदार्थाच्या जोडीने मात्र ते मोठी कामे करते.

त्याचे मुख्य खनिज म्हणजे स्टिब्नाइट, म्हणजेच अँटिमनी सल्फाइड. करड्या, चमकदार सुयांचे झुबके किंवा तलवारीच्या पात्यांसारखे लांब स्फटिक अशा रूपात ते सापडते. ते इतके मऊ असते की नखाने ओरखडा पडतो, आणि बारीक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीतही वितळतो. सर्वांत मोठा साठा चीनच्या हूनान प्रांतातील शीक्वांगशान येथे आहे. तिथले खनिज आधी कथिलाचे समजले गेले होते. ताजिकिस्तान, रशिया, बोलिव्हिया, तुर्कस्तान व म्यानमार येथेही उत्पादन होते. चीनचा वाटा फार मोठा असल्याने २०२४ मध्ये त्याने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा जगभर भाव भडकले.

समृद्ध खनिज भंगार लोखंडाबरोबर वितळवले की लोखंड गंधक ओढून घेते आणि अँटिमनी तळाशी साचते. हलक्या प्रतीचे खनिज हवेत भाजतात, उडून जाणारा ऑक्साइड थंड करून धरतात व तो कोळशाने क्षपित करतात, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. शुद्ध अँटिमनी सावकाश निवू दिले तर पृष्ठभागावर नेच्याच्या पानांसारखी किंवा चांदणीसारखी नक्षी उमटते. किमयागारांना या नक्षीचे मोठे आकर्षण होते. न्यूटननेही त्यावर प्रयोग केले.

औषध म्हणून त्याचा इतिहास वादळी आहे. युरोपात अँटिमनीच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले मद्य वांती करवण्यासाठी पाजत. पॅरिसच्या वैद्यांनी १५६६ मध्ये त्यावर बंदी आणली, ती १६६६ मध्ये उठली. खरे श्रेय मात्र काळा आजार या वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या रोगाच्या उपचारात आहे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात शोधलेल्या युरिया स्टिबामिनने १९२०च्या दशकात असंख्य रुग्ण वाचले. पुढे बिहारमध्ये रोगजंतू अँटिमनीच्या औषधांना दाद देईनासे झाले आणि तिथे दुसरी औषधे वापरात आली.

मऊ शिशात थोडे अँटिमनी मिसळले की ते टणक होते. छापखान्यातले खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, शिसे, कथिल व अँटिमनी यांचे ओतत. निवताना ही मिश्रधातू फारशी आकसत नाही, त्यामुळे अक्षराची कड ठसठशीत येते. बेअरिंग, बंदुकीच्या गोळ्या आणि शिसे-आम्ल बॅटरीच्या जाळ्या यांतही तेच तत्त्व. बॅटरीत मात्र एक खोट आहे: अँटिमनी हळूहळू ऋण प्लेटवर जाऊन बसते, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन जास्त सुटतो आणि पाणी घटते. म्हणूनच पाणी घालावे न लागणाऱ्या बॅटऱ्यांत कॅल्शियम वापरतात.

आगरोधक म्हणून ट्रायऑक्साइडचा फार मोठा खप आहे. गंमत अशी, की एकटा तो आग फारशी रोखत नाही. प्लास्टिकमधील क्लोरीन किंवा ब्रोमीनशी संयोग पावून तो वायुरूप हॅलाइड बनतो, आणि हे हॅलाइड ज्योतीतील मुक्त मूलके (आग पुढे चालवणारे अतिक्रियाशील कण) पकडून ज्वलनाची साखळी तोडते. पॉलिएस्टर बनवताना तो उत्प्रेरक असतो, तर सौर पॅनेलच्या काचेतले बुडबुडे घालवायला सोडियम अँटिमोनेट लागते. इंडियम अँटिमोनाइड अवरक्त किरण टिपते.

अँटिमनीची विषबाधा काहीशी आर्सेनिकसारखी असते. त्याचा स्टिबाइन वायू तर फारच घातक. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे. प्लास्टिकच्या बाटलीतून ते अत्यल्प प्रमाणात पाण्यात उतरते, आणि बाटली तापली की हे प्रमाण वाढते.

जुन्या बॅटऱ्या वितळवून शिशासोबत अँटिमनीही परत मिळवले जाते. आगरोधक प्लास्टिकात विखुरलेले अँटिमनी मात्र सहसा कचऱ्याबरोबरच जाते.