मामा तलावांचे पुनरुज्जीवन (पूर्व विदर्भ)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग या धानपट्ट्यातील माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार) तलाव, म्हणजेच बोलीभाषेतले ‘मामा तलाव’, गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन पुन्हा नांदते करण्याची चळवळ. असे सहा हजारांहून अधिक तलाव या भागात आहेत. यांतले बहुतेक लहान असून एखाद-दुसऱ्या गावाची शेती भिजवतात. त्यांच्या वरच्या अंगाला आणि शेतांच्या मधे आणखी लहान तळी, म्हणजे बोड्या, असतात. वरच्या तलावाचे जादा पाणी सांडव्यावरून (स्थानिक शब्द सलंग) खालच्या तलावात जावे, तिथून पुढच्या बोडीत, अशी साखळी ठिकठिकाणी दिसते.

हे तलाव गोंड राजवटीत, मुख्यतः सोळाव्या ते अठराव्या शतकात बांधले गेले. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन मिळे, ही चांद्याच्या गोंड राजांची रीत परंपरेने सांगितली जाते. बांधणीचे कौशल्य कोहळी समाजाकडे होते. हा समाज ऊस आणि धान पिकवणारा. जमिनीचा उतार नजरेने जोखून नेमकी कुठे पाळ (मातीचा बांध) घातली म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे ज्ञान त्यांच्यात पिढ्यानपिढ्या चालत आले. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध या तलावाचे कर्तेपण कोलू पाटील कोहळी यांच्याकडे दिले जाते. ‘सात बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कोंदणात तो आहे. पाळीवर खोदाई-भराई करणारे हात मात्र अनेक समाजांचे होते, ही गोष्ट तलावांच्या इतिहासात पुरेशी सांगितली जात नाही.

इंग्रजी अमलात मालगुजार हे गावाचे मालक ठरले. लोकांचे पाणी, चराई, सरपण यांवरचे निस्तार हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावदप्तरात नोंदले गेले. पाळीची डागडुजी गावाने मिळून करायची आणि पाणी पाळीपाळीने घ्यायचे, असा व्यवहार होता. मालगुजाराचा वचक आणि वेठ हीही या व्यवस्थेची बाजू होती. तिला सोन्याचा काळ म्हणणे भूमिहीनांवर अन्याय करणारे ठरेल. पुढे मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, 1950 अन्वये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. हा प्रदेश तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. लहान तलाव जिल्हा परिषदांकडे सोपवले गेले. मालक गेला, त्याबरोबर पाळीची काळजी घेणारी गावची घडीही विस्कटली. गाळ साचत गेला, तुडूम (पाणी सोडण्याचे तोंड) फुटके झाले, बुडीत क्षेत्रात धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) पडल्या.

तलावाचे आजारपण केवळ गाळाचे नाही. पाणी आटलेल्या काठावर बेशरम ही परदेशी झुडूपवर्गीय वनस्पती पसरते. ती कापली तरी फुटते, आणि तिच्या गचपणात देशी पाणवनस्पती टिकत नाहीत. पाण्याखालच्या या वनस्पतींमध्येच देशी मासे अंडी घालतात, पिल्ले लपतात, पाणपक्षी चरतात. मत्स्योत्पादन वाढवण्यासाठी रोहू, कतला, मृगळ यांच्या बीजावर भर दिला गेला. हे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. ढिवर या मासेमार समाजातील कुटुंबाच्या रोजच्या जेवणातला आणि आठवडी बाजारातला लहान देशी मासा मात्र कमी होत गेला. त्याची झळ ढिवर बायकांना आधी बसली, कारण टोपलीतून मासळी विकणे हे काम त्यांचे.

म्हणूनच या भागातले भरीव काम मासेमारांच्या बाजूने सुरू झाले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील निमगावसारख्या गावांत ढिवर समाजाच्या मत्स्यसंस्था आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून तलावांची पाहणी केली. कोणत्या तलावात कोणती वनस्पती, कोणता मासा होता आणि आता काय उरले, याची माहिती जुन्या मासेमारांकडून घेतली गेली. या चळवळीचा कणा हे मासेमारांचे ज्ञान आहे. पदवीधर अभ्यासक त्याच्या मागून आले.

कामाची पद्धत साधी पण कष्टाची आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट खणून काढतात. कोरडा काठ नांगरतात, म्हणजे कडक झालेली माती मोकळी होते. पावसाळ्यात पाणी भरू लागले की चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पतींची रोपे आणून उथळ भागात रोवतात. त्यानंतर ग्रामसभेत नियम ठरतात: विणीच्या दिवसांत मासेमारी बंद, बारीक जाळ्यावर बंदी, तलावाचा एक भाग राखीव, पाण्यात विषारी औषध टाकायचे नाही. देशी मासा टिकला तर दरवर्षी बीज विकत आणण्याचा खर्च कमी होतो, हा मत्स्यसंस्थांना पटणारा हिशेब.

खरी कसोटी पाण्याच्या वाटपात लागते. धान निसवताना पावसाने दडी मारली तर शेतकऱ्याला तुडूम उघडून हवे असते; मासेमाराला त्याच वेळी पाणी राखून हवे. शिंगाडा लावणारा, गुरे पाजणारा, कपडे धुणाऱ्या बाया यांचे हिशेब आणखी वेगळे. कोहळी, कुणबी, पोवार, गोंड, ढिवर, बौद्ध अशी मिश्र वस्ती एकाच तलावावर जगते, आणि सगळ्यांचे वजन सारखे नसते. बहुतेक ढिवर कुटुंबांकडे शेती नाही. त्यामुळे पाण्याचा निर्णय शेतकऱ्यांच्या बैठकीत झाला की ते बाहेर राहतात. जिथे किमान किती पाणी तलावात राहू द्यायचे हे सर्वांसमोर ठरले, तिथे काम टिकले. जिथे हे न ठरवता फक्त खोदाई झाली, तिथे भांडण मिटले नाही.

कायद्याचा आधार वन हक्क कायदा, 2006 ने दिला. त्याच्या कलम 3(1) मध्ये निस्तार हक्कांबरोबर मासे आणि जलाशयांतील इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्कांचा उल्लेख आहे. अनुसूचित जमातींबाहेरच्या समाजांना मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथे वास्तव्य आणि वनावर उपजीविका असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ढिवरांसाठी ही अट जड आहे, कारण त्यांच्या नावावर जमिनीचा जुना कागद क्वचितच असतो.

शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून (2017) गाळ काढण्याला वेग मिळाला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला. हे उपयोगाचे आहे. पण यंत्राने तळ सरसकट खोल केला की उथळ काठ नाहीसा होतो आणि पाणवनस्पतींना जागा उरत नाही; तळाची चिकणमाती खरवडली गेली तर पाणी झिरपूनही जाते. गोंदिया-भंडाऱ्यातील सारस क्रौंच याच उथळ पाण्यात आणि लगतच्या बांध्यांत चरतो. राज्यातील सारस आता मुख्यतः याच पट्ट्यात उरले आहेत. खोदाई कुठे थांबवायची हे पाळीवर उभे राहून मासेमार आणि शेतकरी यांनी मिळून ठरवावे, अशी मागणी आहे. तलावाची मालकी अजून शासनाकडे, मासेमारीचा ठेका ठरावीक मुदतीचा; वनस्पती रुजून मासा वाढायला लागणारी वर्षे त्या मुदतीत बसत नाहीत.