पार्श्वभूमी : वापिटी आणि एक कंस

भारतीय हवाई दलाची गोष्ट निघाली की १ एप्रिल १९३३ ही तारीख येतेच. कराचीचा ड्रिघ रोड तळ, चार वापिटी, सहा अधिकारी, १९ हवाई सिपाई. हे दुपंखी विमान तिथवर का आले, यावर मात्र कोणी फारसे थांबत नाही.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनच्या तिजोरीत खडखडाट होता आणि गोदामांत डीएच-९ए विमानाच्या सुट्या भागांचे ढीग पडले होते. म्हणून पुढच्या विमानाला अट घातली गेली : जुन्याचे जमतील तितके भाग वापरा. इंग्लंडमधल्या येओव्हिलच्या वेस्टलँड कारखान्याने डीएच-९ए बांधलेलीच होती. त्याने पंख आणि शेपूट तेच ठेवले, पुढे ज्युपिटर इंजिन बसवले आणि १९२७ मध्ये वापिटी उडवली. काटकसर फार दिवस पुरली नाही. सर्वाधिक गाजलेल्या २ए आवृत्तीचा सांगाडा धातूचा झाला आणि जुन्या लाकडी भागांचा प्रश्नच मिटला.

कागदोपत्री हे ‘जनरल पर्पज’, म्हणजे पडेल ते काम करणारे विमान. १९२८-२९ च्या हिवाळ्यात काबूलमधून ५८६ जणांना हवाईमार्गे बाहेर काढले, त्या कामातही वापिटी होत्या. पण तिचे रोजचे काम वायव्य सरहद्दीवरचे : ब्रिटिशांना न जुमानणाऱ्या टोळ्यांना नमवायचे. आधी गावावर पांढरी पत्रके पडत : दंड भरा, अटी माना. ऐकले नाही तर लाल पत्रके : अमुक वेळेनंतर गावात थांबू नका. मग बॉम्ब. माणसे मारायची नाहीत, त्यांना घरापासून आणि शेतापासून तोडायचे आहे, असे याचे समर्थन केले जाई. पोरे घेऊन गुहेत राहणाऱ्या बाईला हा फरक कोणी समजावला असेल का, कोण जाणे. वैमानिकांच्या खिशातही एक कागद असे : याला धडधाकट परत आणा, बक्षीस मिळेल. त्याचे नाव ‘गूली चिट’. हा ‘गूली’ म्हणजे आपल्याकडचीच गोळी. कोणती, ते वाचकांनी ओळखावे.

या कामाला काय म्हणायचे, यावरूनच खरा घोळ झाला. मार्च १९३३ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ब्रिटनने मसुदा मांडला. हवाई बॉम्बफेक संपूर्ण बंद करू, असे त्यात होते, पण सोबत एक कंस होता : ठरावीक दूरच्या प्रदेशांतील पोलिसी कामाचा अपवाद. पोलीस एका माणसाला पकडतो. इथे अख्खे गाव आरोपी. दूरचे म्हणजे कोणापासून दूर, हेही लिहिलेले नव्हते. परिषद या एका कंसाने मोडली, असे म्हणता येणार नाही. जर्मनी त्याच ऑक्टोबरमध्ये बाहेर पडला आणि बाकीच्यांचेही आपापले हट्ट होतेच. तरी स्वतःच बंदी सुचवायची आणि स्वतःलाच सूट मागायची, हे खुद्द ब्रिटनमध्येही अनेकांना पटले नाही. १९३५ मध्ये तिथल्या हवाईमंत्र्यांनी उमरावांच्या सभागृहात सांगून टाकले की, मध्यपूर्वेच्या आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीपुरतेसुद्धा बॉम्बर बंदीतून वाचवताना आपल्याला फार अडचण पडली. त्यावरून मोठा गदारोळ उठला.

मसुदा मांडून पंधरवडा उलटतो तोच ड्रिघ रोडवर आपली पहिली तुकडी उभी राहिली. दोनच दिवसांनी, ३ एप्रिलला, वापिटीच्याच घराण्यातली दोन विमाने पूर्णियाहून निघून एव्हरेस्टवरून गेली. वर्तमानपत्रांना अर्थात एव्हरेस्टच आवडले.

१९३७ पासून आपल्या तुकडीच्या वापिटी सरहद्दीवरच्या वझिरिस्तानातल्या मिरानशाहहून उडू लागल्या. कंसातले काम आता हिंदी वैमानिकांकडेही आले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मुंबईसारख्या बंदरांबाहेर गस्तीलाही याच विमानांना धाडले. इंजिन एकच, उतरायला चाके, आणि खाली सगळा समुद्र.