आधी वेज, मग मणी: सापडलेल्या वस्तूंच्या दागिन्यांची पार्श्वभूमी

जुन्या घड्याळाचं चाक, समुद्रावरचा शिंपला, कोटाचं बटण, फुटक्या बशीचा तुकडा आणि हाताने वळलेले मातीचे मणी एकाच गळ्यातल्यात बसवायचे असतील, तर रंगसंगती नंतर बघता येते. आधी ठरवावं लागतं ते वेज, म्हणजे ओवण्यासाठीचं भोक, कुठे पाडायचं आणि एकमेकांशी न पटणारी ही मंडळी धरून कशाने ठेवायची. अशा वेगवेगळ्या वस्तू एकत्र आणणाऱ्या कामाला मिळालेलं ‘मिक्स्ड मीडिया’ हे नाव अलीकडचं. हे दोन प्रश्न मात्र फार जुने आहेत, आणि या दागिन्यांचा इतिहास म्हणजे त्यांना वेळोवेळी मिळालेली उत्तरं.

मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत मिळालेले शिंपल्यांचे ३३ मणी १ लाख ४२ हजार ते दीड लाख वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडचा जुना पुरावा खानदेशातला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. (पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.) असे मणी करण्याची रीत आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांनी अगदी अलीकडपर्यंत टिकवली. कवचाचा ओबडधोबड तुकडा घ्यायचा, त्याला आधी भोक पाडायचं, कड टोचून गोलसर करायची आणि मग सगळे तुकडे दोरीत घट्ट ओवून खाचेच्या दगडावर एकदम घासायचे. भोक आधी, कारण कवच तडकतं ते भोक पाडतानाच. घासूनपुसून गोल केलेला मणी शेवटी फुटला तर सगळी मेहनत वाया. करवंटी, शिंपला, चिनी मातीचा तुकडा यांना आजही हाच क्रम लागू पडतो, तरी नवशिके हमखास उलट करतात.

सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी याच अडचणीवर मोठी झेप घेतली. चन्हुदडो इथे १९३५-३६ साली पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांना मण्यांचा कारखानाच सापडला. तिथले लांबट अकीक मणी खास कठीण दगडाच्या सामत्याने, म्हणजे फिरवून भोक पाडायच्या हत्याराने, दोन्ही टोकांकडून कोरले जात. पुरातत्त्वज्ञ जोनाथन केनोयर यांनी हे काम पुन्हा करून पाहिलं तेव्हा वेग भरला ताशी साधारण अडीच मिलिमीटर. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या एका मण्याचं वेज पाडायला चोवीस तास. दोन्हीकडून आलेली भोकं मध्ये भेटतात तिथे बारीकशी पायरी राहते. उजेडाकडे धरलं तर ती दिसते, आणि दोरा घासून झिजायला लागतो तोही तिथेच.

सापडलेली वस्तू दागिन्यात घेण्याची आपल्याकडची ठळक उदाहरणं कवडी आणि नाणं. मालदीवच्या समुद्रातून आलेली कवडी बऱ्याचदा पाठ घासून किंवा फोडून ओवली जाते, म्हणजे ती सपाट बसते आणि उलटत नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ सगळ्यांच्या ओळखीची आहे. पुतळीहाराचं मूळ त्याहून दूरचं. व्हेनिसने १२८४पासून पाडलेलं डुकाट हे नाणं, साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोनं, व्यापाराच्या वाटेने दख्खनमध्ये आलं. त्यावर सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, होता. इथल्या लोकांना त्या नुसत्या पुतळ्या दिसल्या, आणि पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या स्वतः पाडल्या. पुतळीला भोक न पाडता वर कडी झाळतात, म्हणजे धातू वितळवून जोडतात. भोकाने सोनं जातं आणि चित्रही. चांदीच्या रुपयांच्या हारातही हीच पद्धत. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि जवळपास ९२ टक्के चांदीचा; १९४०पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७चा रुपया निकेलचा निघाला. दागिन्यासाठी नाणं घेताना साल वाचावं ते यासाठी. वीस नाण्यांचा हार पाव किलोला टेकतो, त्याला साधा दोरा पुरत नाही. पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने गाठवणाऱ्या कारागिराकडून, रेशमात गाठवून घेण्याची चाल उगीच पडलेली नाही.

बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ, लाख भरलेले. लाख मण्याला चेपू देत नाही, पण ७५-८० अंशांना ती मऊ पडते. म्हणून जुन्या बोरमाळेतला मणी नव्या दागिन्यात घेताना त्याच्याजवळ फुंकणीची ज्योत नेली की संपलंच.

मण्याला नंतर भोक पाडण्याऐवजी मणी भोकाभोवतीच घडवायचा, ही युक्ती सगळ्यात सुंदर दिसते ती घानातल्या क्रोबो लोकांकडे. बाटल्यांची काच कुटून पूड करतात, मातीच्या साच्यात भरतात आणि मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो, भोक राहतं. आपल्या भाजलेल्या मातीच्या मण्यांत देठाऐवजी दाभण. माती वाळताना आणि भाजताना ५ ते १० टक्के आकसते, म्हणून दोन मिलिमीटरचं वेज हवं असेल तर सव्वादोनचं पाडावं. माती ओली असताना दाभण आरपार घातली तर पलीकडे ओठ फुटतो. मणी किंचित सुकू द्यावा, अर्ध्यापर्यंत एका बाजूने आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने टोचावं. भट्टीत मणी फुटतात ते बहुतेक आतल्या ओलीमुळे, तिची वाफ होते म्हणून. सावलीत वाळवल्यावरही शंभर अंशांपर्यंतची आच अगदी सावकाश चढवायला हवी.

विसाव्या शतकात प्रश्न पालटला. १९०६च्या सुमाराला अमेरिकेतल्या पॅसाडिनात लहानगा अलेक्झांडर काल्डर, पुढचा नामवंत शिल्पकार, रस्त्यावर तारवाल्यांनी टाकलेली तांब्याची तार उचलून बहिणीच्या बाहुल्यांचे दागिने करत असे. पुढे त्याने सुमारे १८०० दागिने घडवले, तार ठोकून आणि वळवून, जवळजवळ डाख (वितळलेल्या धातूचा जोड) न देता; काही दागिन्यांत त्याने फुटकी काच आणि खापरंही बसवली. साठच्या दशकात अमेरिकेत फ्रेड वोल यांनी बाटल्यांची झाकणं, सिएटलच्या रमोना सोलबर्ग यांनी डोमिनोच्या सोंगट्या, नाणी आणि आफ्रिकी मणी दागिन्यांत आणले. हाड, प्लॅस्टिक, कागद, लाकूड यांना डाखाची आच सोसत नाही, त्यामुळे आच न लागणारा जोड हाच या शैलीचा कणा ठरला: तारेचा फास, वस्तूला कडेने धरणारा पंजा, आणि रिव्हेट, म्हणजे भोकातून घालून दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली तार.

रिव्हेटची मेख मापात आहे. एक मिलिमीटरच्या तारेला एक मिलिमीटरचंच भोक हवं. अमेरिकी मार्गदर्शनात ‘१८ गेज’ (गेज हे तारेच्या जाडीचं माप) म्हणजे १.०२ मिमी, पण आपल्या बाजारात चालणाऱ्या ब्रिटिश मापाने १८ गेज १.२२ मिमी भरतं आणि तार भोकात शिरतच नाही. तार मिमीत मोजूनच घ्यावी. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर तार वर ठेवायची; जास्त राहिली तर ती वाकते, कमी राहिली तर डोकं धरत नाही. हलक्या हातोडीने चार ठोके एका बाजूला, मग उलटून चार. दुसरं भोक पहिला रिव्हेट बसल्यावरच पाडायचं, नाहीतर वस्तू केसभर सरकते आणि भोकं जुळत नाहीत. चिनी माती किंवा काच असेल तर भोक किंचित मोठं ठेवून खाली चामड्याचं आणि वर पितळेचं वॉशर हवं. ठोका थेट त्यावर बसला की तडा गेलाच.

पॉलिमर क्ले, म्हणजे भाजून कडक होणारी प्लॅस्टिकची माती, जर्मनीतून आली. बाहुल्यांच्या डोक्यांसाठी जमवलेला फिफी रेबिंडर यांचा हा मसाला १९६४ साली एबरहार्ड फाबर कंपनीने घेतला आणि ‘फिमो’ झाला. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तो ११०-१३० अंशांना भाजला जातो, त्यामुळे धातू-काचेची वस्तू आत बसवून भाजता येते. पण तो काचेला चिकटत नाही. वस्तूच्या कडेवर क्लेचा ओठ चढवला नाही तर थंड झाल्यावर ती अलगद निसटते. कमी भाजला की ठिसूळ राहतो, करपला की डोळे झोंबवणारा धूर सोडतो. झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा पर्याय त्याहून वाईट: कडेने पांढरट धूसर थर येतो आणि हिसक्याला जोड सुटतो. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद टिकतो, पण दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून ॲसिटोनने पुसले तरच.

काही वस्तू मात्र सापडल्या तरी हात लावू नये अशा. साठच्या दशकापर्यंतच्या अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांवर आणि तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक विझली तरी किरणोत्सर्ग उरतो, त्यामुळे ती कापू किंवा घासू नयेत. गुंजेचं बी दिसायला देखणं, पण भोक पाडताना उडणारी त्याची पूड विषारी. वाघनख आणि हस्तिदंत १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं २०११च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्याला भोक न पाडता भोवती तारेची चौकट करावी. पुढेमागे ते तसंच सोडवून घेता येतं.