ऑइलचा लाल दिवा पातळी दाखवत नाही

‘डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला की ऑइल कमी झालंय, जवळच्या पंपापर्यंत जा आणि टॉप-अप करा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी चांगली इंजिनं जाम होतात.

तो लाल दिवा ऑइलच्या दाबाचा आहे. (पातळीसाठी काही गाड्यांत वेगळा पिवळा दिवा असतो.) क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. दाब गेला की थर तुटतो, धातूवर धातू घासतो. म्हणून दिवा दिसताच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

थोडं थांबून, सपाट जागी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून, पुसून पुन्हा घालून पाहा. ऑइल खुणेखाली असेल तर भरा, गळती शोधा. पातळी बरोबर असूनही दिवा जळत असेल तर आणखी ऑइल ओतून काहीच साधत नाही. इंजिनातला ऑइल पंप झिजलेला असेल, ऑइलची गाळणी तुंबलेली असेल, किंवा दाब कमी झाल्यावर हा दिवा लावणारा प्रेशर स्विच नुसता बिघडलेला असेल. बहुतेक जुन्या गाड्यांत त्या स्विचची वायर सोलून बॉडीला टेकली तरी दिवा लागतो. पण हा अंदाज रस्त्यावर बांधू नका. मेकॅनिकला स्विच काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगा. खरा दाब लगेच कळतो.

उलटंही तपासा: इंजिन सुरू न करता चावी फिरवल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब, वायर किंवा स्विच बिघडलेला असू शकतो.